मूळ चकमकीचं पिस्तूल

हॅडम, कनेक्टिकट
११ मार्च २०१२

प्रिय ऑरिन यास,
सा. न. वि. वि.

थियाचं कार्ड मिळालं. तुझा गुडघा सुधारला आणि कान होते तसेच आहेत, असं तुझ्या लेकीनं कळवलंय. फोन करायचा विचार होता, पण मागच्या खेपेला मी छपराच्या गळतीबद्दल विचारत होते आणि तू मला तासभर तुमच्या व्हरमाँटमधल्या कोंबड्यांची हकिगत सांगत बसलास. तेव्हा पत्रच बरं. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येत नाही.

माझा मेरिट जाऊन चार महिने झाले. घर फार नीटनेटकं झालंय आणि मला ते मुळीच आवडत नाही. इतकी वर्षं जेवणाच्या टेबलावर तेलाच्या चिंध्या आणि पेचकस पडलेले असायचे, तेव्हा ओरडायला एक माणूस होता. आता टेबल लख्ख आहे.

आता आनंदाची बातमी. आपल्या गावच्या इतिहास मंडळानं जुन्या शाळेतली एक खोली मेरिटच्या नावानं करायचं ठरवलंय. त्याची अठराच्या अठरा पिस्तुलं तिथं राहतील. मधल्या काचपेटीत अर्थात त्याचं लाडकं, मिडलटाऊनला घडलेलं १८१९चं. मला या विषयातलं एवढंच कळतं की सैन्यानं ही पिस्तुलं चकमकीवर, म्हणजे गारेच्या ठिणगीवर, उडणारी बनवून घेतली, पुढे घोड्याच्या ठोक्यानं पेटणाऱ्या तांब्याच्या इवल्या टोप्या निघाल्या तेव्हा सरकारनंच बहुतेकांचे घोडे आणि बार उडवायची कळ बदलून ती टोपीवर चालणारी केली, आणि जी थोडी बदलायची राहिली त्यांच्यावर तुम्ही लोक जीव ओवाळून टाकता. मेरिटचं १८१९चं त्या राहिलेल्यांतलं. पाटीवर लिहायचंय, मूळ चकमकीचं, कळीला कधीही हात न लागलेलं.

मंडळाच्या बाई म्हणाल्या की असं छापायचं तर जाणकाराचं पत्र हवं. मी म्हटलं, जाणकार माझ्या घरचाच आहे. साऱ्या खोऱ्यातल्या पिस्तुलांच्या कळी ज्यानं तीस वर्षं दुरुस्त केल्या त्याच्याहून मोठा कोण आणायचा? तेव्हा एका पानाचं पत्र लिहून पाठव. उद्‌घाटन नऊ जूनला आहे, आणि मी ऑल्डन लूमिसलाही बोलावणार आहे. पुढच्या रांगेत बसवून तुझं पत्र मोठ्यानं वाचणार आहे. तेवीस वर्षं मी या दिवसाची वाट पाहिली.

थियाला आशीर्वाद. लोभ आहेच, तो वाढवायला या वयात दोघांकडेही फारशी जागा उरली नाही, तेव्हा आहे तेवढा राख.

तुझी,
लिओना


ब्रॅटलबरो, व्हरमाँट
२० मार्च २०१२

प्रिय लिओना हिस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्र मिळालं, मेरिटच्या नावानं खोली होते हे वाचून फार बरं वाटलं. तो असता तर लाजून गाडी धुवायच्या निमित्तानं बाहेर पळाला असता.

इकडे यंदा मार्चमध्येच उन्हाळा लागल्यासारखं झालंय. मॅपलच्या झाडांचा गोड रस आठ दिवसांत आंबट पडला आणि जावईबापू तोंड पाडून रिकाम्या बादल्या मोजतात. तुझ्यासाठी एक बाटली बाजूला काढून ठेवली आहे.

खोलीबद्दल एक सुचवतो. मधल्या पेटीत १८१९चं ठेवण्याऐवजी आरमारी पिस्तूल ठेव, कमरपट्ट्याला अडकवायच्या आकड्याचं. लोकांना आकडा आवडतो. शाळेची मुलं आली की आधी तेच विचारतात. १८१९चं बाजूच्या पेटीत शोभेल, आणि त्याच्या पाटीवर फार काही लिहायची गरज नाही. साल आणि गाव पुरे.

पत्राचं म्हणशील तर माझे डोळे आता भरवशाचे नाहीत. शिवाय मी शेवटी कारखान्यातला माणूस, माझ्या शब्दाला शिक्का कुठला? हार्टफर्डच्या संग्रहालयातल्या एखाद्या शिकलेल्या माणसाचं... पण नको, त्यालाही नको विचारूस. उगाच लांबण लागेल.

आणि एक. कशालाही पॉलिश लावू नकोस. मला तू माहीत आहेस. जुन्या लोखंडाचा काळसर तपकिरी रंग म्हणजे मळ नव्हे, हे मेरिटनं तुला हजारदा सांगितलंय. ते लखलखीत झालं तर तो थडग्यातून उठून येईल.

छपराचं काय झालं ते कळव. तुझ्या लोभात सवलत मिळत राहो.

तुझा भाऊ,
ऑरिन


हॅडम
२९ मार्च

प्रिय ऑरिन यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, म्हातारा झाला. दुसऱ्यांदा वाटलं, हा टाळतोय. लहानपणी आईची बरणी फुटली तेव्हाही तू असाच हवामानापासून सुरुवात केली होतीस.

तुला शिक्का नाही? मग १९८९ साली कुठून आला होता? मिडलटाऊनच्या सभागृहात तुमच्या जुनी पिस्तुलं जमवणाऱ्यांच्या क्लबचं वार्षिक प्रदर्शन होतं, मी केकच्या टेबलाशी उभी होते, आणि परीक्षक म्हणून लूमिस भिंग घेऊन मेरिटच्या टेबलाशी आला. शंभर माणसांसमोर म्हणाला की हे पिस्तूल मूळचं नाही, टोपीचं झालेलं होतं आणि कुणीतरी नवा घोडा घडवून ते परत चकमकीचं केलंय, बक्षिसाची फीत देता येणार नाही. मेरिटचा चेहरा मी विसरलेली नाही. तो तुझ्याकडे वळून म्हणाला की ऑरिनला विचारा, कळीतलं त्याच्याइतकं कुणाला कळत नाही. आणि तू हातात कॉफीचे दोन पेले धरून सगळ्यांसमोर सांगितलंस की मला तर मूळचं वाटतं. तेव्हा शिक्का लागला नव्हता. मेरिटनं लूमिसला खोटारडा म्हटलं, टेबल आवरलं, राजीनामा दिला आणि परत कधी त्या क्लबात पाऊल टाकलं नाही. ज्या माणसाचे सगळे मित्र तिथं होते त्यानं बावीस वर्षं शनिवार घरात काढले.

आणि मी काय गमावलं ते तू जाणतोस. मेबल लूमिस आणि मी पहिलीपासून एका बाकावर बसलो. तिच्या नवऱ्यानं माझ्या नवऱ्याचा अपमान केला म्हणून मी तिच्याशी बोलणं सोडलं. चर्चमध्ये ती डावीकडे, मी उजवीकडे. ती वारली तेव्हा मी दफनालाही गेले नाही. पडदा बाजूला करून गाड्या जाताना पाहिल्या. मनाला एवढाच आधार होता की आपली बाजू खरी आहे.

म्हणून मला पत्र हवंय. आकडा आवडणाऱ्या मुलांसाठी नव्हे, माझ्यासाठी. पाटीचा मजकूर छापायला पंधरा एप्रिलला जाईल. जे तेव्हा दोन पेले धरून बोललास तेच आता बसून लिहायचंय.

छप्पर गळतंय. लोभ पत्रावर अवलंबून आहे.

लिओना


ब्रॅटलबरो
८ एप्रिल, ईस्टरचा रविवार

प्रिय लिओना,
आशीर्वाद द्यायचा मला आज हक्क नाही, म्हणून थेट लिहितो.

पत्र देता येत नाही, कारण लूमिस खरं बोलला होता. तो घोडा मी घडवला. रंजकाची, म्हणजे ठिणगी झेलणाऱ्या दारूची, पितळी वाटी, ठिणगी पाडायची पोलादी पट्टी, तिच्याखालची कमान, सगळं मी केलं.

१९७१च्या शरदात कारखान्यानं आम्हाला घरी बसवलं हे तुला आठवत असेल. एका शेतकऱ्याच्या कोठाराची साफसफाई चालली होती, तिथं मला ते मिळालं. टोपीचं केलेलं, वर घोडा मोडलेला. हात रिकामे होते. मनात आलं, हे सव्वाशे वर्षांपूर्वी होतं तसं करून पाहावं, जमतं का. सगळा हिवाळा त्यावर काढला. लिओना, खोटं कशाला सांगू, तितकं चांगलं काम मी त्याआधी केलं नव्हतं आणि नंतरही केलं नाही. वसंतात एक फिरता विक्रेता आला. त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मी खोटं बोललो नाही असं मी मला पुष्कळ वर्षं समजावलं. मी बोललोच नाही.

त्या सप्टेंबरात तुमच्याकडे रविवारी जेवायला आलो. तू पॉट रोस्ट केला होतास. मेरिटनं बटाट्याच्या भांड्याशेजारी फ्लॅनेलची गुंडाळी उघडली आणि तू टेबलक्लॉथवर तेल लागेल म्हणून ओरडलीस. तो लहान मुलासारखा लाल झाला होता. म्हणाला, ऑरिन, बघ, दीडशे वर्षांत कुणी हात लावलेला नाही. मी ते हातात घेतलं. बाळाला दुसऱ्याच्या कडेवर पाहावं तसं वाटलं. मी म्हटलं, छान आहे.

त्या क्षणी सांगितलं असतं तर तो दोन दिवस फुरंगटला असता आणि तिसऱ्या दिवशी हसला असता. पुढच्या रविवारी सांगणं थोडं अवघड होतं. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी. मग त्यानं काचेचं कपाट करून घेतलं. मग क्लबाच्या मासिकात त्याचं छायाचित्र आलं. असे रविवार साठत गेले.

१९८९ला मात्र मी खोटं बोललो, उघड, शंभर माणसांसमोर. तेव्हा माझं दुरुस्तीचं टेबल त्या क्लबावरच चालत होतं. खोऱ्यातला जो तो आपली कळ माझ्याकडे आणायचा. माझ्या हातचं काम मूळचं म्हणून विकलं गेलंय हे कळलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून कुणी दार ठोठावलं नसतं. हे कारण आहे, सबब नाही. लूमिसचं नाव गेलं, मेरिटचे मित्र गेले, आणि तुझी मेबल गेली. तिच्या दफनाचं तू लिहिलंस तेव्हापासून मला जेवण जात नाही.

पाटी छापू नकोस. तुला मला जे काय म्हणायचंय ते म्हण. ऐकायला कान नाहीत, पण वाचता येतं.

ऑरिन


हॅडम
१२ एप्रिल

ऑरिन,

पत्र मिळालं. छपाई थांबवली.

मेरिट खोटारडा नव्हता आणि त्याला कुणी फसवलं नव्हतं, एवढ्यावर मी हे पाच महिने काढले. मॅपलची बाटली पाठवू नकोस.

लिओना


ब्रॅटलबरो
६ मे

प्रिय लिओना हिस,

तुझं पत्र नाही, तेही बरोबरच. थिया विचारते की आत्या रविवारी फोन का करत नाही. मी सांगितलं, आत्या रागावली आहे आणि तिचं बरोबर आहे. तिनं पुढं विचारलं नाही, पण त्या दिवसापासून माझ्या कॉफीत साखर घालायची विसरते.

मी काय करायचं ठरवलंय ते तुला न सांगता करू नये म्हणून लिहितो. क्लबाच्या सचिवाला पत्र तयार आहे. त्यात सगळं आहे, सालासकट. ते पुढच्या सभेत वाचावं अशी विनंती केली आहे. दुसरं पत्र ऑल्डन लूमिसला आहे. त्याचे सात मसुदे केले. माफी मागायची म्हटलं की वाक्यं फार लांब होतात, म्हणून शेवटी चार ओळीच ठेवल्या.

फक्त एकाची भीती आहे. हे बाहेर आलं की लोक म्हणतील, मेरिट स्टॅनर्डला आयुष्यभर मेव्हण्यानं उल्लू बनवलं. माझं काय व्हायचं ते होवो, पण तो गेल्यावर त्याच्यावर कुणी हसावं हे मला सोसणार नाही. तू नको म्हणालीस तर क्लबाचं पत्र ठेवून देईन. लूमिसचं मात्र पाठवणार.

लोभ मागत नाही. दोन ओळी मागतो.

तुझा भाऊ,
ऑरिन


हॅडम
१९ मे

प्रिय ऑरिन यास,
सा. न. वि. वि.

हे पत्र लांब होणार आहे, चष्मा पुसून घे.

लूमिसकडे तुझं पत्र पोचायच्या आधी मी पोचले. त्याची माफी मलाही मागायची होती, आणि ती टपालानं मागायची माझी तयारी नव्हती. परसातल्या ऱ्हुबार्बचे पहिले आंबट देठ काढले, ते भरून गोड पाई भाजली आणि मंगळवारी सकाळी त्याच्या दाराशी उभी राहिले. वाटेत तीनदा गाडी वळवली. त्यानं दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, पाईकडे पाहिलं आणि म्हणाला की मेबलची थाळी घेतो, कापायला तीच बरी पडते. मी तिथंच व्हरांड्यात रडले. पाईवर पाणी पडलं तरी त्यानं दोन तुकडे खाल्ले.

मी त्याला तुझी सगळी हकिगत सांगितली. तो ऐकत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर काही हालत नव्हतं. शेवटी म्हणाला, मला माहीत आहे. मेरिटनंच सांगितलं होतं.

हो, मेरिटनं. प्रदर्शनानंतर आठव्या दिवशी तो लूमिसकडे गेला होता. लूमिसला खोटं पाडायचं म्हणून त्यानं घरी ती कळ उघडली होती. आणि त्याच्याकडचं ते दुसरं पिस्तूल, ज्याचा घोडा तू उघडपणे त्याच्यासाठी बदलून दिला होतास, तेही उघडून शेजारी ठेवलं. दोन्ही घोड्यांच्या चौकोनी भोकाच्या आतल्या कडा एकाच पद्धतीनं कानसलेल्या. म्हणे तू प्रत्येक चौकोनाचा एक कोपरा किंचित जास्त कानसतोस, बसवताना दिशा चुकू नये म्हणून. मला यातलं कळत नाही, तुला कळेल.

तर मेरिटनं व्हरांड्यात बसून लूमिसची माफी मागितली. लूमिस म्हणाला, मग क्लबात परत ये, विषय संपला. मेरिट म्हणाला की परत आलो तर चूक कबूल करावी लागेल, कबूल केली की लोक विचारतील हे काम कुणाचं, आणि या खोऱ्यात असं काम करणारा हात एकच आहे. त्या हाताचं पोट त्या टेबलावर आहे, आणि दर रविवारी तो माझ्याकडे जेवतो. लूमिसकडून त्यानं वचन घेतलं. लूमिसनं फक्त मेबलला सांगितलं.

म्हणजे तुला कळतंय का ऑरिन? तू त्याला दुखवायचं नाही म्हणून गप्प. तो तुला उघडं पाडायचं नाही म्हणून गप्प. बावीस वर्षं दोघं समोरासमोर बसून माझ्या हातचं जेवलात, आणि मी मूर्खासारखी मध्ये उभी राहून ग्रेव्ही वाढत होते. दोघांनी एकमेकांना सांभाळलंत. मला कुणी सांभाळलं? मेबलला सगळं ठाऊक होतं. ती म्हणायची की लिओनाला कळलं की ती येईल. लूमिस तिला सांगू देईना, वचन दिलं होतं ना. शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलात तिनं दोनदा विचारलं की लिओना येऊन गेली का. हे वाक्य मी तुला मुद्दाम लिहिते आहे. मला ते बाळगायचंय, तूही बाळग.

मी तुझ्यावर रागावले आहे. मेरिटवरही रागावले आहे, पण तो स्मशानात जाऊन सुटला, म्हणून त्याच्या वाट्याचाही तुलाच सोसावा लागेल. थोडा सोसून झाला की कळवीन.

आता कामाचं. क्लबाचं पत्र पाठव. मेरिटवर कुणी हसणार नाही. उलट त्यांना कळू दे तो काय माणूस होता. मधल्या पेटीत तेच पिस्तूल राहील. मंडळाच्या बाईंना सगळं सांगितलं, त्या म्हणाल्या की हे तर जास्त चांगलं आहे. नवी पाटी लूमिस लिहितोय. मिडलटाऊन, १८१९. टोपीचं केलेलं. पुन्हा चकमकीचं केलं ऑरिन बेकविथ यानं, १९७२. ठेवलं मेरिट स्टॅनर्ड यानं. घोड्याच्या आतल्या बाजूला तुझं नाव आणि साल कोरलेलं हवं असंही त्याचं म्हणणं आहे, म्हणजे पुढं कुणी फसणार नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात ये, हत्यारं आण, छपराचंही बघ.

आणि एक राहिलं. लूमिस म्हणाला, त्या दिवशी निघताना मेरिट पायऱ्यांवर थांबला. म्हणाला, एकच वाईट वाटतं, त्याला विचारता येणार नाही की हे केलं कसं. नव्या लोखंडावर तो रंग आला कसा. आणि घोड्याच्या पोटाशी, जिथं म्यानही घासत नाही आणि बोटही पोचत नाही, तिथली कड हाताळल्यासारखी गुळगुळीत कशी. लूमिसला संशय आला होता तो त्या कडेवरूनच. दोघं त्यावर पाऊण तास बोलत उभे होते म्हणे. भांडण मिटवायला आलेली माणसं!

तर ते लिही. मला नको, मला कळणार नाही. त्याला लिही. २८ तारखेला, स्मृतिदिनी, सगळं गाव फुलं घेऊन स्मशानात जातं, तेव्हा मी त्याला वाचून दाखवीन. लूमिसही येतोय. आधी मेबलकडे जाऊ, मग मेरिटकडे.

मॅपलची बाटली येताना आण.

तुझी,
लिओना


ब्रॅटलबरो
२३ मे २०१२

प्रिय मेरिट यास,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुझा एक प्रश्न माझ्यापर्यंत यायला तेवीस वर्षं लागली. लिओना वाचून दाखवते आहे, तेव्हा ती मध्येच थांबली तर घाई करू नकोस.

लोखंड नवं नव्हतंच. नव्या पोलादावर गंज वेगळा चढतो, लालसर आणि कोरडा. मी ज्या कोठारातून पिस्तूल आणलं त्याच्याच दाराची एक मोडकी बिजागरी मागून घेतली होती. जुनं, धाग्याधाग्याचं लोखंड. त्यातून घोडा ठोकून काढला आणि कानसला. ठिणगीच्या पट्टीला तोंडाशी जुन्या कानशीचा पत्रा बसवला. वाटी एका बंद पडलेल्या घड्याळाच्या पितळेची.

रंगाचं असं. सगळे भाग तारेनं कोंबड्यांच्या खुराड्यात टांगले. तिथली हवा लोखंडाला लवकर धरते. आठवड्याला एकदा काढायचे, पावसाच्या पाण्यात उकळायचे, गोणपाटानं घासायचे, परत टांगायचे. असं सहा वेळा. मग अक्रोडाच्या हिरव्या सालींच्या काढ्यात दोन दिवस, आणि शेवटी जवसाचं तेल, अगदी थेंबभर. तू विचारलं असतंस तर तुझ्या हातानं करून घेतलं असतं. तुला ते जमलं नसतं, तुला धीर नव्हता, पण आपण हसलो असतो.

आता ती कड. लूमिसनं बरोबर ओळखलं. घोडेस्वाराच्या म्यानात राहिलेलं पिस्तूल एका बाजूनं झिजतं, ते चारी बाजूंनी झिजत नाही. ती माझी चूक. घोडा फार नवा, धारदार दिसत होता, म्हणून मी तो पिस्तुलाला बसवायच्या आधी हिवाळाभर पँटच्या खिशात घेऊन हिंडलो. किल्ल्या आणि सुट्ट्या नाण्यांबरोबर. हात खिशात गेला की अंगठ्यानं तीच आतली कड चोळत राहायचो. सवयच लागली.

मी तुझी क्षमा सभागृहातल्या त्या दिवसासाठी मागतो, आणि सगळ्या रविवारांसाठी. तू सगळं ठाऊक असून मला दुसऱ्यांदा वाढून घ्यायचा आग्रह करायचास. मला वाटायचं मी तुला सांभाळतोय.

आणखी एक सांगायचं आहे, ते लिओनालाही माहीत नाही. फेब्रुवारी १९७२मध्ये तुमच्या लग्नात मी तुझ्या शेजारी उभा होतो, अंगठी माझ्याकडे होती. पाद्रीबाबांनी मागितली तेव्हा मी खिशात चाचपडत राहिलो आणि तू घाबरून माझ्याकडे पाहिलंस. अंगठी हरवली नव्हती. तिच्याबरोबर खिशात तो घोडा होता आणि बोटांना तोच आधी लागत होता. मी तो मुद्दाम आणला होता. बाकीची मंडळी नाचायला लागली की तुला बाजूला घेऊन दाखवणार होतो, कारण मी काय घडवलंय ते बघून आनंद होईल असा माझ्या ओळखीत तू एकटाच होतास. मग फोटोवाला आला, केक आला, तुम्ही निघालात. तेव्हा दाखवला असता तर सप्टेंबरात तू तो त्या विक्रेत्याच्या टेबलावर लगेच ओळखला असतास, आणि मेबल शेवटपर्यंत लिओनाच्या शेजारी बसली असती. मला वाटलं, एवढी काय घाई आहे, हा आता घरचाच झाला.

तुझा,
ऑरिन